विसरभोळेपणावर पाच औषधं: खानापूर तालुक्यातलं एक प्रकरण

रुग्णाची ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव गाळलं आहे आणि घरचे काही तपशील बदलले आहेत.

रुग्ण आणि घर

पुरुष, वय ७६. घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. भातशेती, शिक्षण मराठी शाळेत चौथीपर्यंत. तिशीत गळ्यात तुळशीची माळ घातली, तेव्हापासून मांस, मासे, अंडं सगळं बंद. मधुमेह बारा-तेरा वर्षांचा, त्यासाठी तेव्हापासूनच मेटफॉर्मिन. रक्तदाबाची एक गोळी आणि ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन. घरात पत्नी, थोरला मुलगा आणि सून. धाकटा मुलगा बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कामाला, लेक चंदगड तालुक्यात दिलेली, मोठा नातू पुण्यात नोकरीला. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतात. इथंही तेच म्हणतो.

मी आयुर्वेदाचा पदवीधर. याच भागात दवाखाना चालवतो. म्हातारं माणूस विसरायला लागलं की लोक माझ्याकडे एका ठराविक अपेक्षेनं येतात: वैद्य आहेत, ब्राह्मी देतील. आप्पांचं घरही तसंच आलं. फरक एवढाच की ब्राह्मी त्यांनी आधीच सुरू केली होती आणि ती पुरेशी ‘लागत’ नाही अशी त्यांची तक्रार होती.

थोरल्या मुलानं सांगितलं ते असं: “आप्पा तेच तेच विचारूलालेत. जेवून हात धुतला की पाच मिनिटात ‘मला वाढा की’ म्हणतात.” दीड वर्षापूर्वी सुरुवात नावं विसरण्यापासून झाली. मग पैशाचा घोळ सुरू झाला. व्यापाऱ्याकडून भाताचे पैसे घेतले आणि कुठं ठेवले ते आठवेना. पेरणीचं बी आणून ठेवलेलं असताना पुन्हा बाजारात जाऊन तेच बी घेऊन आले. शेवटी एका संध्याकाळी शेतावरून येताना ओढ्यापाशी वाट चुकले. ती वाट ते लहानपणापासून चालत होते. मुलगा बॅटरी घेऊन शोधायला गेला तेव्हा ते भलत्याच बांधावर उभे होते. त्या दिवसापासून घर घाबरलं.

हरिपाठ मात्र सगळा पाठ. भजनाला बसले की टाळाचा ठेका चुकत नाही. आप्पांच्या पत्नीचा यावरच भरवसा होता. एवढं सगळं आठवतं तर मेंदूला काय झालंय, असं त्या मला विचारत. अल्झायमरमध्ये नेमकं हेच दिसतं. जुनं, हजारदा घोटलेलं बरंच उशिरापर्यंत टिकतं आणि आजचं नवं मात्र आत रुजतच नाही. हरिपाठ म्हणता येतो म्हणून आजार नाही असं धरून घराची बरीच वेळ गेली होती.

पिशवी

स्मृतीची तक्रार घेऊन कुणी आलं की मी एक गोष्ट आधी सांगतो: पोटात जे जे जातं ते सगळं घेऊन या. गोळ्या, काढे, चूर्ण, तेल, जत्रेतून आणलेलं, शेजारणीनं दिलेलं, काहीही. पुढच्या वेळी सुनेनं कापडी पिशवी आणली आणि टेबलावर एकेक वस्तू काढून ठेवली.

स्टीलच्या डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, घरामागच्या ओहोळाकाठची. रोज सकाळी पाट्यावर वाटून, पिळून अर्धी वाटी रस. खडेबाजारातून आणलेली शंखपुष्पी सिरपची बाटली, दोन चमचे दोन वेळा. लेकीनं चंदगडहून पाठवलेलं मालकांगणीचं तेल, रात्री दुधात चार-पाच थेंब. नातवानं ऑनलाइन मागवून दिलेल्या, गिंको नावाच्या विदेशी झाडाच्या अर्काच्या कॅप्सूल. आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या तांबूस पुड्या. त्या जत्रेत बसलेल्या एका औषधवाल्याकडून घेतलेल्या. त्यावर ना नाव, ना घटक. ‘डोक्याची नस मोकळी होते’ एवढंच त्यानं सांगितलेलं.

तळाशी आणखी एक पाकीट होतं. ते औषध आहे असं कुणाच्या ध्यानातच नव्हतं: सर्दी-खाजेच्या क्लोरफेनिरामिनच्या गोळ्या. कधीतरी पावसाळ्यात अंगाला खाज सुटली म्हणून मेडिकलमधून आणल्या आणि झोप बरी लागते म्हणून रोज रात्री चालू राहिल्या.

माझ्या मते त्या पिशवीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच. नवी आठवण बनवायला मेंदूत ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन लागतं. अल्झायमरमध्ये ते तयार करणाऱ्या पेशी लवकर झडू लागतात. क्लोरफेनिरामिनसारखी जुनी ॲलर्जीची औषधं, लघवी धरून ठेवण्यासाठी देतात ती ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठी किंवा कळांसाठी दिली जाणारी ॲमिट्रिप्टिलीन, ही सगळी त्याच रसायनाचं काम अडवतात. तरुण माणसाला त्यानं नुसती गुंगी येते. सत्तरी ओलांडलेल्याला त्यानं भ्रम होऊ शकतो. सकाळी ब्राह्मीचा रस आणि रात्री ही गोळी, असं त्या घरात कितीतरी महिने चाललं होतं, आणि सगळे ते मायेनंच करत होते.

तपासणी

आधी एका ठिकाणी आप्पांची स्मृतीची चाचणी झाली होती. गुण फारच कमी. पण प्रश्न विचारणारीला मराठी येत नव्हतं आणि आप्पांना कानडी येतं ते बाजारापुरतं. तारीख, वार, इंग्रजी महिना, जिल्हा, मजला असले प्रश्न. आप्पा उभ्या आयुष्यात इंग्रजी तारखेवर चालले नाहीत. त्यांचं वर्ष तिथीचं, नक्षत्राचं. आपल्या सीमाभागात हे वरचेवर घडतं आणि त्याचा फटका दोन्ही बाजूंनी बसतो: कुणाला नसलेला आजार चिकटतो, तर कुणाचा असलेला ‘भाषेमुळं झालं असेल’ म्हणून सुटतो. ज्या भाषेत माणूस पैसे मोजतो आणि भांडतो त्या भाषेत चाचणी व्हायला हवी. शक्य नसेल तर निदान घरचं माणूस शेजारी बसवून प्रश्न नीट सांगितला पाहिजे.

मी चैत्रापासूनचे महिने म्हणायला सांगितले. सुलट बरोबर म्हटले. उलट म्हणताना माघापर्यंत गेले आणि थांबले. मागची एकादशी कधी झाली, हे माळकऱ्याला सांगता आलं नाही. बैल, विळा, फणस असे तीन शब्द दिले, ते लगेच म्हणून दाखवले. पाच मिनिटांनी एकही नाही. ‘शेतातलं जनावर’ अशी खूण दिली तरी “तुम्ही कुठं काय सांगितलासा?” घड्याळ काढायला सांगितलं तर बाराही आकडे उजव्या अर्ध्या भागात.

बाकीची तपासणी जास्त बोलकी होती. जीभ गुळगुळीत, लालसर. घोट्यावर ट्यूनिंग फोर्क ठेवला तर कंप कळत नव्हता. डोळे मिटून उभे केले की झोक जायचा. “पाय कापसावर पडल्यागत वाटतात,” हे त्यांनी स्वतः सांगितलं आणि ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. कोपराखाली दोन्ही हातांवर निळे-काळे डाग. डाव्या कानाला ऐकू कमी, आत मळ घट्ट बसलेला.

रक्त तपासलं. बी-१२ दीडशेच्याही खाली आलं. प्रयोगशाळा साधारण दोनशेच्या खाली कमतरता धरतात. तांबड्या पेशी आकारानं मोठ्या. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, नऊच्या वर. थायरॉइड, सोडियम, मूत्रपिंड ठीक.

बी-१२ हे जीवनसत्त्व झाडपाल्यात नसतं. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातून मिळतं, तेही बेताचं. त्यात मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चाललं की आतड्यातून त्याचं शोषण कमी होतं. माळकरी, मधुमेही आणि सत्तरीच्या पुढचा असे तिन्ही एका माणसात जमले की बी-१२ तपासल्याशिवाय त्याच्या विसरण्याबद्दल काहीही बोलू नये, असं माझं ठाम मत आहे. कमतरता लांबली तर मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते. म्हणूनच इथं गेलेला वेळ परत मिळत नाही.

बेळगावातल्या न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं. डोक्याचा स्कॅन झाला. पडून आत रक्त साठलेलं नव्हतं, गाठ नव्हती. स्मृतीशी संबंधित असलेला हिप्पोकॅम्पसचा भाग आक्रसलेला होता आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या जुन्या खुणा होत्या. निदान असं: अल्झायमर, त्याला रक्तवाहिन्यांच्या आजाराची जोड, आणि वरून बी-१२ची कमतरता. पहिले दोन उलटवता येत नाहीत. तिसरं येतं.

पानं, तेल, सिरप

आता मूळ प्रश्न. त्या पाचांपैकी कशाचा उपयोग होता?

डब्यातली पानं मी उलगडून पाहिली. गोल, मूत्रपिंडाच्या आकाराची, कडा दातेरी, लांब देठ, जमिनीवर सरपटणारं खोड आणि पेरापेराला मुळं. हा कारिवणा, म्हणजे मंडूकपर्णी, सेंटेला एशियाटिका. कानडी शेजारी याला ओंदेलगा म्हणतात आणि दह्यात खोबरं-जिरं-मिरी घालून त्याची तंबळी करतात. ज्या ब्राह्मीवर स्मृतीचे बहुतेक प्रयोग झाले ती ही नव्हे. ती बाकोपा मोनिएरी, नीरब्राह्मी. पानं अगदी लहान, जाडसर, समोरासमोर, देठ जवळजवळ नाही, फूल पांढरट-जांभळट, आणि चावली की चांगलीच कडू. दोन्ही पाणथळ जागेत येतात, दोन्हींना लोक ब्राह्मी म्हणतात. चरकसंहितेत जी चार मेध्य रसायनं, म्हणजे बुद्धी-स्मृतीसाठीची औषधं, दिली आहेत त्यात मंडूकपर्णीचा स्वरस आहे, दुधातून ज्येष्ठमध आहे, गुळवेल आहे आणि शंखपुष्पी आहे. म्हणजे आप्पांची पत्नी परंपरा सोडून काही करत नव्हती. पण ‘ब्राह्मीवर संशोधन झालंय’ असं मोबाइलवर वाचून जो भरवसा घराला वाटत होता तो वेगळ्या झाडाचा होता.

त्या दुसऱ्या झाडाबद्दल काय माहीत आहे? लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत बाकोपातल्या बॅकोसाइड या घटकांवर मोठं काम झालं. २००१ साली ऑस्ट्रेलियात निरोगी प्रौढांना रोज ३०० मिलिग्रॅम अर्क बारा आठवडे देऊन शिकण्याच्या वेगात फरक नोंदवला गेला. पुढे २००८ मध्ये पासष्टीपुढच्या, पण स्मृतिभ्रंश नसलेल्या ५४ माणसांवर अमेरिकेत प्रयोग झाला, त्यातही शब्द आठवण्यात थोडी सुधारणा दिसली. हे प्रयोग लहान आहेत पण खोटे नाहीत. मला स्वतःला या वनस्पतीबद्दल आस्था आहे, ती त्यामुळेच. मात्र ती सगळी माणसं निरोगी होती. जिथं पेशी शाबूत आहेत तिथं काम थोडं सुधारणं आणि जिथं पेशीच झडत आहेत तिथं ते थांबवणं, ही दोन वेगळी कामं आहेत. २०२० मध्ये चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात अल्झायमरच्या आणि सौम्य विस्मरणाच्या रुग्णांना वर्षभर ब्राह्मी किंवा डोनेपेझिल हे अल्झायमरवरचं नेहमीचं औषध दिलं होतं. दोन्ही गटांत फरक आढळला नाही. काही जण यावरून ब्राह्मी डोनेपेझिलच्या तोडीची आहे असं सांगतात. रुग्ण थोडे होते आणि नुसती खोटी, औषध नसलेली गोळी घेणारा तिसरा गट नव्हता. तेव्हा दोन्हींनी सारखं काम केलं की दोन्हींनी सारखंच केलं नाही, हे त्यातून ठरवता येत नाही.

गिंकोचं उत्तर जास्त स्पष्ट आहे. अमेरिकेत पंचाहत्तरी गाठलेल्या ३,०६९ माणसांना रोज दोनदा १२० मिलिग्रॅम गिंको किंवा खोटी गोळी देऊन सुमारे सहा वर्षं पाहिलं. २००८ मध्ये निकाल आला: स्मृतिभ्रंश होण्याचं प्रमाण गिंकोनं कमी झालं नाही. शिवाय गिंको रक्त गोठण्यात अडथळा आणू शकतं, आणि आप्पा ॲस्पिरिनवर होते. हातावरचे डाग कशानं पडले ते खात्रीनं सांगता येणार नाही, पण घरात पडणाऱ्या, झोक जाणाऱ्या म्हाताऱ्याला असं जोडऔषध देणं धोक्याचंच.

शंखपुष्पीच्या सिरपमध्ये औषधापेक्षा साखरेचा पाक जास्त होता. लेबलावरच लिहिलेलं होतं. मधुमेह्याला ते दिवसातून दोनदा जात होतं आणि साखर का चढते म्हणून गोळी वाढवायचं चाललं होतं. शंखपुष्पीबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १९९२ साली मुंबईतून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शंखपुष्पीच्या सिरपमुळे फिट्सवरच्या फिनिटॉइनची रक्तातली पातळी उतरते असं दिसलं. आप्पांना फिट्स नव्हत्या. पण स्मृतिभ्रंशाच्या काही रुग्णांना पुढे येतात, आणि तेव्हा ही बाटली फडताळातून परत निघते.

मालकांगणी आपल्याच घाटातली वेल. तिच्या तेलावर जे काम झालंय ते बहुतेक प्राण्यांवर. त्याबद्दल मी घराला एवढंच सांगितलं की नुकसान झालेलं दिसत नाही, फायद्याचा पुरावा नाही, आणि रात्री पाचव्या औषधाची भर नको.

पुड्यांबद्दल मी जरा कडक बोललो. तांबूस चूर्ण म्हणजे विषच असं नव्हे. पण स्मृतीसाठीच्या आपल्या पारंपरिक रसकल्पांत पारा आणि हरताळ, मनःशीळ ही आर्सेनिकची खनिजं येतात, उदाहरणार्थ स्मृतिसागर रस. शास्त्रोक्त शोधन-मारण झालेलं, म्हणजे शुद्ध करून भस्म केलेलं, घटक छापलेलं औषध वैद्याच्या देखरेखीखाली घेणं ही एक गोष्ट. अशा विषारी द्रव्यांच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणं कायद्यानंच बंधनकारक आहे. कागदाच्या पुडीवर कसली सूचना? २००८ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली तेव्हा साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. शिसं मेंदूचंच नुकसान करतं. आणि मेंदूचे आजार बरे करतो अशी जाहिरात करायला १९५४च्या जादूटोणा-औषध जाहिरात कायद्यानं मनाई आहे. ती धाब्यावर बसवून जत्रेत, बस स्टँडवर आणि आता मोबाइलवर सर्रास विक्री चालते. फसतात ती आधीच गांगरलेली घरं. याची मला मनापासून चीड आहे.

“म्हणजे झाडपाल्यात काही नाहीच काय?” धाकट्यानं विचारलं. प्रश्न रास्त होता. मी त्याला गॅलँटामिनची गोष्ट सांगितली. युरोपात बर्फ वितळताना उमलणाऱ्या स्नोड्रॉप नावाच्या पांढऱ्या फुलाच्या कंदात हे द्रव्य सापडलं. बल्गेरियात १९५०च्या दशकात त्याचं औषध झालं आणि २००१ मध्ये अमेरिकेत ते अल्झायमरसाठी मंजूर झालं. रिव्हास्टिग्मिनचं मूळही पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलाबार नावाच्या विषारी शेंगेपर्यंत जातं. स्मृतिभ्रंशावर आज दिल्या जाणाऱ्या औषधांतली दोन वनस्पतींकडूनच आली. पण फुलाचा कंद कुणी वाटून देत नाही. द्रव्य वेगळं काढलं, मिलिग्रॅममध्ये मात्रा ठरवली, कुणाला चालत नाही ते पाहिलं. आणि तेवढं करूनही ही औषधं आजार मागे फिरवत नाहीत, काही काळ लक्षणं सावरतात.

आधी काय काढलं

पहिले सहा आठवडे स्मृतीसाठी काही नवं सुरू करायचं नाही, असं ठरवलं. क्लोरफेनिरामिन बंद. गिंको, सिरप, तेल, पुड्या बंद. पानांचा रसही बंद. रस बंद करताना आप्पांच्या पत्नीला फार वाईट वाटलं. रोज पहाटे ओहोळावर जाऊन पानं खुडणं हे त्यांच्या हातात उरलेलं एकच काम होतं. पण तिथूनच वर शेताच्या चरात तणनाशक मारलेलं पाणी उतरत होतं आणि रस कच्चा होता. मी त्यांना वेगळं काम दिलं: आप्पांना रोज सकाळी ऊन वर यायच्या आत देवळापर्यंत चालवून आणायचं.

खाज कोरड्या कातडीची होती, ती खोबरेल तेलानं भागली. कानातला मळ काढला. बी-१२ची इंजेक्शनं सुरू झाली, आधी एकदिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. साखरेची औषधं फिजिशियननं नव्यानं बसवली.

सुनेला भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीनच खुणा करायला सांगितल्या: रात्री किती वेळा उठले, घरात खोली चुकले का, जेवल्याचं विसरून पुन्हा मागितलं का. ‘बरं वाटतंय’ किंवा ‘तसंच आहे’ हे शब्द ऐकायला ठीक, पण घरातल्या त्या दिवसाच्या मनःस्थितीवर ते बदलतात. सुनेच्या खुणा बदलत नव्हत्या. ती सातवी शिकलेली आहे आणि या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात विश्वासाची नोंद तिचीच.

तिसऱ्या महिन्यापर्यंत रात्रीचं उठणं निम्म्याहून कमी झालं. खोली चुकणं जवळजवळ थांबलं. चाल सुधारली. सदऱ्याची बटणं स्वतः लावू लागले, भजनाला स्वतःहून निघाले. तीन शब्द मात्र पाच मिनिटांनी एकही आठवला नाही. म्हणजे गोळीची गुंगी, बी-१२, चढलेली साखर आणि बंद कान यांनी जो भार टाकला होता तो उतरला. खालचा अल्झायमर होता तिथंच होता.

गावात मात्र बातमी वेगळी पसरली: आप्पांना ब्राह्मीनं गुण आला. रस बंद असताना सुधारणा झाली, हे कॅलेंडरवर स्पष्ट होतं. तरी दोन घरं माझ्याकडे पानं मागायला आली. दोघांच्याही म्हाताऱ्यांची बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी आधी करायला लावली.

ब्राह्मीचा प्रयोग

न्यूरोलॉजिस्टनी नाडी आणि ईसीजी पाहून डोनेपेझिल ५ मिलिग्रॅम सुरू केलं. ते स्थिरावल्यावर धाकट्यानं पुन्हा विषय काढला. खरी ब्राह्मी एकदा नीट देऊन बघूया का? मी हो म्हटलं, पण न्यूरोलॉजिस्टना कळवून. ब्राह्मीत ॲसिटिलकोलीन टिकवण्याचा थोडा गुण असावा असं प्रयोगशाळेत दिसलं आहे आणि डोनेपेझिल तेच काम जोरात करतं. दोन्ही एकत्र आली तर पोट बिघडणं आणि नाडी मंदावणं याकडे लक्ष हवं. प्रमाणित अर्क, ३०० मिलिग्रॅम, जेवणानंतर. बारा आठवडे दुसरा कुठलाच बदल नाही. आठवड्याला नाडी आणि वजन. कॅलेंडर चालूच.

तिसऱ्या आठवड्यात जुलाब सुरू झाले, दिवसात चार-पाच वेळा. वजन दोन किलो उतरलं. अर्क थांबवल्यावर चार दिवसांत पोट जाग्यावर आलं. तोवरच्या खुणांत काही फरक नव्हता, पण तीन आठवड्यांत तो दिसायलाही नको होता. एका माणसावरून ब्राह्मी कुचकामी ठरत नाही. आप्पांना, डोनेपेझिलसोबत, ती सोसली नाही, एवढंच मी लिहू शकतो. कारिवण्याची तंबळी आठवड्यातून एकदा-दोनदा जेवणात राहिली, पानं आता परसातल्या कुंडीतली, उकळलेल्या पाण्यानं धुतलेली. ती औषध म्हणून नव्हे. त्यांना आवडते म्हणून.

धाकटा स्वतःसाठीही ब्राह्मी मागत होता. वडिलांचं बघून चाळिशीतच धास्तावलेला. त्याचा रक्तदाब चढा निघाला, तंबाखू चालू होती, फाउंड्रीच्या आवाजात कान बांधायची सवय नव्हती. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं मांडली, त्यात रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बहिरेपण हे सगळं आहे. मी त्याला ब्राह्मीची चिठ्ठी दिली नाही, रक्तदाबाची दिली आणि कानात घालायचे बोंडे घ्यायला लावले. जाता जाता एक गोष्ट त्याला आवडली: हैदराबादेत ६४८ रुग्णांचा अभ्यास झाला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन भाषा बोलणाऱ्यांना स्मृतिभ्रंश साधारण साडेचार वर्षं उशिरा झाला होता. कारखान्यात दिवसभर कानडी आणि घरी मराठी बोलणाऱ्याला हे ऐकून बरं वाटणारच.

सध्या

पहिल्या भेटीला आता दोन वर्षं होत आली. बी-१२ योग्य पातळीवर आहे, चाल टिकून आहे. आजार पुढे सरकला आहे. आप्पा सुनेला कधी बहीण समजतात. संध्याकाळी ‘घरला जातो’ म्हणून उठतात. त्यांच्याशी वाद घालून काही होत नाही. सून त्यांना अंगणाला एक वळसा घालून आणते, मग शांत होतात. दाराला वरच्या बाजूला कडी बसवली आहे, सदऱ्याच्या खिशात मुलाचा नंबर शिवलेला आहे. मध्यंतरी सुनेला विसावा मिळावा म्हणून लेकीनं त्यांना महिनाभर चंदगडला नेलं, तर नव्या घरात ते रात्रभर जागे राहू लागले, भिंती चाचपू लागले. आठवड्याभरात परत आणलं. आता लेकच महिन्यातून चार दिवस इकडे येते आणि तेवढे दिवस सून माहेरी जाते.

सुनेचं वजन घटलं होतं, झोप उडाली होती. तिच्या तपासण्या केल्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर ती मराठीत बोलते, ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइनही घराला दिली आहे. थोरल्या मुलानं रात्रीची पाळी स्वतःकडे घेतली, तेही बऱ्याच बोलण्यानंतर.

आप्पांचं वजन अलीकडे पुन्हा उतरतंय. डोनेपेझिलनं भूक मरते, म्हणून पुढच्या भेटीत न्यूरोलॉजिस्ट ते चालू ठेवायचं की नाही ते ठरवतील. बंद करून सहा आठवडे कॅलेंडर पाहायचं आणि खाणं सुधारलं नाही तर दुसरं कारण शोधायचं, असं घराशी बोलून ठेवलं आहे.